तांबडं कार्ड

प्राणिगृहाची पायरी उतरली की आधी वास भेटायचा,
तूस, मूत, भिजवलेले चणे.
बायको म्हणायची, तुमच्या अंगाला उंदरांचा वास येतो.
उंदरांना माझ्या अंगाला बोंबलाचा येत असावा,
हात आत घातला की सगळी नाकं वर.

भुसा यायचा रे रोडच्या वखारीतून, पोत्यानं.
जाळीतून माहुलची ज्योत दिसायची, दिवसाही पेटलेली.
यंत्र तळघरात. मी ते चालताना कधी पाहिलं नाही.
काळे कुळकुळीत नर, एकेकाला डबीत घालून न्यायचो,
दाराबाहेर उभा राहून चार मिनिटं मोजायचो,
आणि परत आणायचो. तेच डोळे, तीच मिशी.
एक केस इकडचा तिकडे नाही.

त्याच्या पिंजऱ्याला तांबडं कार्ड.
ज्याला नुसतं डबीत घालून
दाराशी बसवून आणलं, त्याला पांढरं.
मग माद्या. मग वीस दिवस.
मग केतायून मॅडम, चष्मा कपाळावर सरकवून:
"मोकल, मोज. पाछा मोज."

पिल्लांनी तळघर पाहिलेलं नसायचं.
त्यांच्या पिल्लांनी तर आजोबाही नाही.
तरी कार्ड तांबडंच,
उतरत जायचं आडनावासारखं.

काही पिल्लं वाढायला ठेवायची, काही बाटलीत.
औषधात मांस काचेसारखं व्हायचं
आणि आत हाडं लालचुटूक, शिवायच्या दोऱ्याएवढी.
तेरा बरगड्या. तेरा. तेरा.
एकदा चौदा निघाल्या, त्याही पांढऱ्या कार्डाच्या घरात.
मॅडम बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या.

एकोणऐंशी साल. शनिवार. दिवे गेले.
माझ्या दोन्ही हातांत पिंजरे, कोपर कपाटाला लागलं.
बॅटरी सापडली तेव्हा फरशीवर सहा पिल्लं,
गुलाबी, आंधळी, ओल्या शेंगदाण्याएवढी.
तीन तांबड्याची, तीन पांढऱ्याची, एवढं वहीत होतं.
कुठली कुणाची, ते आयांना ठाऊक,
आणि आयांनी सांगितलं नाही.
मी तीन इकडे ठेवली, तीन तिकडे.
दोघींनी हुंगलं, पोटाखाली ओढून घेतलं.
एकीनंही तक्रार केली नाही.
मीही नाही.

सहा आठवड्यांनी तांबड्या फळीवर एकाच्या पोटावर
पांढरा ठिपका. तांदळाच्या दाण्याएवढा.
मॅडमनी फोटो काढवले, सगळ्यांना मावा केक आणला.
मी दोन खाल्ले.
पुढे त्याची पिल्लं, मग त्यांची,
एका वहीची दुसऱ्या वहीत नक्कल,
आणि माझा अंदाज प्रत्येक पानावर, सुवाच्य अक्षरात.

शेवटी अहवाल गेला. टायपिस्ट गावंडबाईंनी वाचून दाखवलं:
फरक दिसतो, पण ठामपणे म्हणावा इतका नाही.
त्या 'पण'मध्ये मी किती, हे मला कुणी विचारलं नाही.
मॅडम पुढे नवसारीला गेल्या, तिथेच वारल्या.

माझ्या छातीवर बिल्ला असायचा.
दर महिन्याला तपासायला जायचा,
दर महिन्याला शून्य होऊन यायचा.
पेन्शनच्या कागदांबरोबर सगळी शून्यं
मी पत्र्याच्या पेटीत ठेवलीत.

परवा नातीला घेऊन चेंबूरच्या दवाखान्यात गेलो.
तिचा एक डोळा काळा, दुसरा घारा.
नजर चांगली आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि फॉर्म ओढला: घराण्यात कुणाला होतं असं?
जावई छताकडे. लेक माझ्याकडे.
तिला पेटीतलं काही माहीत नाही,
तरी तिनं बघितलंच.

मी म्हटलं, हो, माझ्या आजीला होतं.

आजी मी पाहिलेली नाही. तिचा फोटोसुद्धा नाही.
डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.